गाडीचे ॲव्हरेज आणि उसाचे बिल



मारुती, टोयोटा, होंडा एका बाजूला आणि टाटा, महिंद्रा दुसऱ्या बाजूला, असे एक भांडण गेली काही वर्षे दिल्लीत चालू आहे. कमी इंधनात जास्त चालणारी गाडी कोणती, हायब्रिड की विजेची, आणि सरकारने कोणाचा कर कमी करायचा, हा त्याचा विषय. भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणीही विचारील. आपल्या दारात मोटारसायकल आहे, काहींकडे पिकअप आहे. वीस-पंचवीस लाखांची हायब्रिड गाडी सातारा रस्त्यावरून जाताना दिसते तेवढीच. तरीही भोंगवलीच्या बैठकीसाठी निघणाऱ्या या अंकाचे पहिले पान या भांडणाला दिले आहे. पेट्रोलच्या टाकीतला पाचवा हिस्सा आज शेतातून येतो. भांडण कोणीही जिंकले तरी त्याचा हिशेब उसाच्या, मक्याच्या आणि भाताच्या भावात उतरणार आहे.

हायब्रिड म्हटले की आपल्याला बियाणे आठवते. १९६४ साली संकरित ज्वारी आली, १९७० साली संकरित कापूस आला आणि दरवर्षी बियाण्याची पिशवी विकत घ्यायची सवय तिथून लागली. गाडीतला संकर निराळा. तिच्यात पेट्रोलचे इंजिन असतेच, शिवाय विजेची मोटर आणि एक लहान बॅटरी असते. साध्या गाडीचा ब्रेक दाबला की वेगाची ताकद ब्रेकमध्ये तापून वाया जाते. हायब्रिडमध्ये तीच मोटर उलटी, जनित्रासारखी चालते आणि ती ताकद बॅटरीत भरते. सिग्नलला गाडी उभी राहिली की इंजिन बंद, सावकाश चालताना मोटर, चढाला दोन्ही. त्यामुळे तिचा फायदा शहराच्या गर्दीत जास्त आणि मोकळ्या महामार्गावर कमी. बाहेरून वीज भरावी लागत नाही. म्हणजे जी काही ऊर्जा आहे ती शेवटी पेट्रोलचीच. टोयोटाने प्रियस ही गाडी डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विकायला काढली, तेव्हापासून हे तंत्र बाजारात आहे. आपल्याकडे २०२२ साली मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर आणि होंडाची सिटी या गाड्या पूर्ण हायब्रिड रूपात आल्या. ग्रँड विटाराचा दावा लिटरला २७.९७ किलोमीटरचा. असले आकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थांत रोलरवर गाडी चालवून काढतात. रस्त्यावरचे ॲव्हरेज त्याहून कमीच भरते, हे मोटारसायकलवाल्यालाही ठाऊक आहे.

इथपर्यंतचे काम इंजिनियरांचे, आणि ते चांगले काम आहे. पुढचे काम कर ठरवणाऱ्यांचे.

२०१५ साली केंद्राने फेम योजना आणली, तेव्हा अर्धवट हायब्रिड गाड्यांनाही अनुदान होते. एप्रिल २०१७ मध्ये ते काढून घेतले. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मोठ्या हायब्रिडवर २८ टक्के कर आणि १५ टक्के उपकर मिळून ४३ टक्के बसले. विजेच्या गाडीवर १२ टक्के होता, तो ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे नवे दर आले. त्यात लहान गाड्या १८ टक्क्यांवर आल्या, मोठी हायब्रिड ४० वर राहिली, वीज ५ वर कायम. म्हणजे गाडी किती पेट्रोल वाचवते हे कोणी मोजत नाही. ती कोणत्या रकान्यात बसते ते पाहतात. कंपन्यांची स्पर्धा जितकी कारखान्यात चालते तितकीच मंत्रालयांच्या व्हरांड्यात चालते. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशाने हायब्रिड गाड्यांचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा मारुती, टोयोटा, होंडा खूश झाल्या आणि टाटा-महिंद्रांनी विजेच्या गाडीवर अन्याय झाल्याची तक्रार केली. त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरला वीस हजार कोटींचा हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांचा कारखाना काढण्याचा करार महाराष्ट्र सरकारशी केला. किर्लोस्कर हे नाव आपल्या आजोबांना लोखंडी नांगरामुळे माहीत होते. महिंद्राचे नाव आपल्याला ट्रॅक्टरमुळे माहीत आहे. नांगर-ट्रॅक्टर विकणारी नावे आता इंडियाच्या गाड्यांवर भांडतात, यात वाईट काही नाही, धंदा आहे.

वाईट वाटते ते निर्णयाच्या वेगाचे. मार्च २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांहून महाग विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेतला. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल नाही. आता कांदा पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातशुल्क लागले, डिसेंबरमध्ये सरसकट निर्यातबंदी झाली, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिले, ते पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडला. तीस लाखांच्या गाडीचे गाऱ्हाणे एका महिन्यात ऐकू जाते, कांद्याचे ऐकू जायला वीस महिने लागतात. १९८० च्या कांदा आंदोलनात ज्या चाकणचा रस्ता शेतकऱ्यांनी अडवला, त्याच चाकणला आज महिंद्राच्या विजेच्या गाड्या तयार होतात. जागा तीच आहे, ऐकणारे कानही तेच आहेत.

आता इथेनॉलकडे येऊ, कारण आपला धागा तिथे गुंतला आहे.

केंद्राचा एक नियम आहे. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांचे मिळून सरासरी किती धूर निघतो ते मोजायचे आणि त्याला मर्यादा घालायची. २०१७-१८ पासून ही मर्यादा किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होती, २०२२ पासून ११३ झाली. पेट्रोलच्या भाषेत सांगायचे तर लिटरला १८ किलोमीटरवरून २१ किलोमीटरवर जा, असा हुकूम. त्यातही जड गाड्या विकणाऱ्या कंपनीला मर्यादा सैल, हलक्या विकणारीला घट्ट. पुढचा टप्पा एप्रिल २०२७ पासूनचा. त्याचा मसुदा सप्टेंबर २०२५ मध्ये निघाला, त्यात ९०९ किलोपर्यंतच्या लहान गाड्यांना थोडी सूट सुचवली होती. मारुतीला ती हवी होती, टाटा आणि महिंद्राने विरोध केला. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्याच मसुद्यात दुसरीकडे आहे. सरासरी काढताना विजेची एक गाडी तीन गाड्यांइतकी धरायची, हायब्रिड दोन, आणि जास्त इथेनॉलवर चालू शकणारी हायब्रिड अडीच गाड्यांइतकी. साध्या पेट्रोल गाडीलाही वीस टक्के इथेनॉलबद्दल काही टक्के सूट. म्हणजे इथेनॉल पिकवायचे आपण आणि त्याचे गुण जमा होणार कंपनीच्या खात्यात. गुण मिळाले की दंड वाचतो, मोठ्या गाड्या विकायची मोकळीक मिळते. या गुणांतला एक पैसासुद्धा उसाच्या बिलात कुठल्या वाटेने येतो, हे मसुद्यात शोधून सापडत नाही.

आणि दोष? तो मात्र आपल्या नावावर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये शहरातल्या गाडीमालकांनी ओरड केली की वीस टक्के इथेनॉलमुळे ॲव्हरेज पडले. ओरड अगदी खोटी नव्हती. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. पाचवा हिस्सा इथेनॉल म्हटल्यावर लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरणार, हे साधे गणित आहे. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या चारचाकीला सहा-सात आणि दुचाकीला तीन-चार टक्के घट लिहिलेली आहे. नव्या, त्यासाठीच जुळवलेल्या इंजिनाला एक-दोन टक्के. ही गोष्ट गाडीवाल्याला आधी सांगून पंपावर तेवढा भाव कमी केला असता तर भांडण उरले नसते. पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला की वाहतूक आणि करासह इथेनॉल सरासरी ७१ रुपये ३२ पैशांना पडते, ते शुद्धीकरण केलेल्या पेट्रोलहून महाग आहे, म्हणून स्वस्त देता येत नाही. मग गावोगावच्या पंपांवर आणि टीव्हीवर समज असा पसरला की ऊसवाल्याचे भले करण्यासाठी आमच्या गाड्या बिघडवल्या.

ऊसवाल्याचे भले किती झाले ते कागदावर मांडू. एक टन उसाच्या थेट रसापासून साधारण ७० लिटर इथेनॉल निघते. रसाच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ साली ६५ रुपये ६१ पैसे ठरला आणि २०२५-२६ च्या हंगामापर्यंत तोच राहिला. म्हणजे टनाला ४,५९३ रुपये. २०२२-२३ मध्ये उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,०५० होती, २०२५-२६ मध्ये ३,५५० झाली. गाळप, आसवणी, पगार, व्याज आणि नफा या सगळ्यांसाठी कारखान्याकडे तेव्हा टनामागे १,५४३ रुपये उरत होते, आता १,०४३. तोडणी-वाहतूक तर आपल्याच बिलातून जाते. एफआरपी वाढली हे बरोबरच आहे, आपला खर्चही वाढला आहे. पण एकीकडे कच्च्या मालाचा भाव सरकारने ठरवायचा, दुसरीकडे पक्क्या मालाचाही भाव सरकारनेच ठरवायचा, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध ठेवायचा नाही, असा धंदा कोणता कारखानदार चालवून दाखवील? शेवटी ताण येतो तो हप्ता थकण्यावर. ऊस भोर तालुक्यातल्या कारखान्याला जावो की नीरा ओलांडून साताऱ्याकडे, वाट आपणच पाहतो.

दर गोठलेला, त्यावर बंदीचा बडगा. ७ डिसेंबर २०२३ रोजी, गाळप भर हंगामात असताना, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवड्याभरात थोडी सवलत दिली, पण पूर्ण मोकळीक मिळायला ऑगस्ट २०२४ उगवला. त्यापूर्वीची पाच वर्षे हेच सरकार व्याजात सवलत देऊन कारखान्यांना डिस्टिलरी काढा म्हणत होते. देशात इथेनॉल तयार करण्याची क्षमता आज १,८०० कोटी लिटरच्या घरात गेली आहे. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी मागणी वाटली ती १,०४८ कोटी लिटरची, आणि त्यातला पाव हिश्शाहून थोडाच जास्त भाग, म्हणजे शंभरातले अठ्ठावीस, उसाच्या वाट्याला आले. बाकी मका आणि तांदूळ. मिरज आणि मनमाडला २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग झाले ते उसाच्या मळीचे होते. आज त्या टाकीत उसाची जागा आक्रसली आहे.

वेल्ह्याकडच्या आणि भोरच्या पश्चिमेच्या भातवाल्यांना वाटेल की हे ऊसवाल्यांचे रडगाणे आहे. तसे नाही. २०२४-२५ साठी अन्न महामंडळाने ५२ लाख टन तांदूळ डिस्टिलऱ्यांना क्विंटलला २,२५० रुपयांनी द्यायचे ठरवले. भाताचा हमीभाव २०२५-२६ साठी २,३६९. एक क्विंटल भातातून सदुसष्ट किलो तांदूळ धरला तर नुसत्या भाताच्या किमतीनेच तांदूळ साडेतीन हजारांवर जातो. भरडाई, गोदाम, बारदान वेगळे. साडेतीन हजारांचा माल साडेबाविसशेला गाडीच्या टाकीसाठी. तोटा करदात्याचा, पण त्याहून मोठा फटका मकेवाल्याला. डिस्टिलरीला स्वस्त तांदूळ मिळाला की ती मका कशाला भावाने घेईल? इथेनॉलसाठी मका लावा म्हणून सांगितले गेले, आणि २०२५ च्या खरिपात पीक निघाले तेव्हा बाजार २,४०० च्या हमीभावाखाली बसला. इंद्रायणीला आपण स्वतःचे गिऱ्हाईक शोधले आहे म्हणून ती या घसरणीतून थोडी वाचते, इतकेच.

तर मग गाड्यांच्या भांडणात आपण कोणाच्या बाजूने? विजेची गाडी जिंकली तर टाकीच राहत नाही, इथेनॉल कशात मिसळणार? साधी हायब्रिड जिंकली तर पेट्रोलचा खप कमी, त्याचे वीस टक्केही कमी. इथेनॉलवर चालणारी हायब्रिड आली तरच उसाला जागा. ऑगस्ट २०२३ मध्ये नितीन गडकरींच्या हस्ते टोयोटाच्या इनोव्हाचा तसा नमुना दिल्लीत दाखवला गेला. ब्राझीलमध्ये अशी हायब्रिड कोरोला २०१९ पासून विकली जाते आणि तिथे कोणतेही मिश्रण चालणाऱ्या गाड्या २००३ पासून आहेत. तिथला गाडीवाला पंपावर दोन भाव पाहतो. इथेनॉल पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांपेक्षा स्वस्त असेल तर ते भरतो, नाहीतर पेट्रोल. तिथला कारखानाही त्या हंगामात साखर करायची की इथेनॉल, हे जगाचा बाजार पाहून ठरवतो. आपल्याकडे जून २०२१ मध्ये पंतप्रधानांनी पुण्यात तीन पंपांवर शुद्ध इथेनॉलची विक्री सुरू केली. पंप आधी आले, त्यावर चालणाऱ्या मोटारी बाजारात नव्हत्या. नवरी नाही आणि मांडव घातला.

एक कडू हिशेबही मांडला पाहिजे. पेट्रोल शंभरावर असताना शुद्ध इथेनॉल परवडायचे तर ते सत्तरीच्या आत मिळायला हवे. कारखान्याच्या दारातच ते कर धरून एकोणसत्तर रुपयांच्या जवळ जाते. वाहतूक आणि पंपाचे कमिशन अजून बाकी. उसाचा भाव जितका वाढवून मागू तितके ते आणखी दूर जाईल. म्हणून 'इथेनॉल आले, आता ऊसच ऊस' असे जे पुढारी सांगतात त्यांच्या मागे जाऊन नवी लागण वाढवू नका. नीरेच्या काठचा बागायतदार पाणी मिळाले की ऊसच लावतो, कारण बाकी कशालाही भावाची खात्री नाही, हे मी समजू शकतो. पण गाडीच्या कंपनीच्या भरवशावर पीक ठरवणे म्हणजे दुसऱ्याच्या बैलावर पेरणीचा वायदा करणे.

एक गोष्ट मात्र या सगळ्या स्पर्धेत कोणाच्या लक्षातच नाही. मोटारीच्या लिटरमागच्या प्रत्येक किलोमीटरसाठी कंपन्या जाहिराती करतात, सरकार नियम करते. ट्रॅक्टर तासाला किती डिझेल पितो, हे मात्र आपल्याला शेजाऱ्याकडून कळते. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिथल्या अहवालात प्रत्येक मॉडेलचा इंधन खर्च किलोवॅट-तासाला किती ग्रॅम, हे नोंदलेले असते. शोरूममध्ये तो कागद दाखवा म्हटले तर विक्रेता रंग आणि सीट दाखवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, सुट्या भागांचा आणि टायरांचा १८ वरून ५, हे चांगलेच झाले. पण पाच एकरांच्या आतल्या शेतकऱ्याला पुढची दहा वर्षे खड्ड्यात घालते ते डिझेल. विजेच्या गाडीला महामार्गावर चार्जिंग स्टेशनची वीज चोवीस तास. शेतीपंपाला वर्षानुवर्षे दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा. रात्रीच्या पाळीला बिबट्याच्या भीतीने पाणी धरणाऱ्याला स्वच्छ ऊर्जेचे प्रवचन कोणी द्यावे?

भोंगवलीच्या बैठकीत पुढील मजकुराचा ठराव चर्चेला येईल. गाडी हायब्रिड आहे की विजेची हे न पाहता ती किलोमीटरला किती इंधन जाळते त्यावर कर बसवावा, म्हणजे कंपन्यांना दिल्लीच्या वाऱ्या कराव्या लागणार नाहीत. इथेनॉलचा दर एफआरपीशी सूत्राने बांधावा, किंवा दोन्ही मोकळे सोडावेत. एक बांधलेला आणि एक धावता चालणार नाही. हंगाम सुरू झाल्यावर साखर की इथेनॉल यावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारने सोडावा. महामंडळाचा तांदूळ खरेदी किमतीखाली डिस्टिलरीला देऊ नये. दोन कारखान्यांमधली हवाई अंतराची अट काढावी, ही आपली जुनी मागणी त्याला जोडलेली आहे. ट्रॅक्टरच्या दर्शनी भागावर इंधन खर्चाचा आकडा छापणे सक्तीचे करावे, ही सूचना नवीन आहे, तिच्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनीच बोलावे.

येताना आपापल्या कारखान्याचा गेल्या दोन वर्षांचा वार्षिक अहवाल घेऊन या. डिस्टिलरीवर कर्ज किती, इथेनॉल किती लिटर विकले, रसाचे किती आणि मळीचे किती, आणि त्या वर्षी टनाला हाती काय पडले, एवढे चार आकडे काढायचे आहेत. ज्या सभासदांना अहवाल मिळालेला नाही त्यांनी कारखान्याच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी; अर्जाचा नमुना बैठकीत मिळेल.